घोडा उभ्याने प्रवास करतो, एवढं ध्यानात ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दत्तजयंती जवळ आली की आमच्यासारख्या घोडेवाल्यांच्या घरात लगबग सुरू होते, कारण नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा आणि तिथला घोडेबाजार. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताच्या दर्शनाला माणसं येतात तशी देशभरातून जनावरंही येतात, राजस्थानातून मारवाडी, गुजरातेतून काठियावाडी, पंजाबकडून नुकरा, आणि आपल्या भीमा-नीरेच्या बाजूने भीमथडी. ही घोडी तिथं पोचतात कशी याचा विचार यात्रेच्या बातम्यांत कुठंच येत नाही. उमद्या घोड्याचा फोटो येतो, किंमत किती लाख ते येतं, पण तो घोडा साडेचारशे किलोमीटर पिकअपच्या हौद्यात उभा राहून आलाय हे कुणी लिहीत नाही. मी माळशिरस तालुक्यातला शेतकरी, घरात तीन पिढ्या घोडी आहेत, आणि हे पत्र मी यात्रेच्या आधीच लिहितोय कारण नंतर लिहून उपयोग नाही.

आधी काय झालं ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात आमची एक घोडी घेऊन आम्ही टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर करत मनमाडच्या रस्त्याला लागलो होतो. हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना खड्ड्यांबद्दल काही सांगायला नको. सकाळी आठची वेळ असेल, येवल्याच्या अलीकडे उजवीकडून एक कार आली, आमच्या पुढे घुसली आणि डावीकडच्या ढाब्यात वळायला म्हणून तिथंच ब्रेक मारला. आमच्या ड्रायव्हर पोराने पण मारला, न मारून करतो काय. मी केबिनमध्ये होतो. पहिल्यांदा टापा पत्र्यावर खरवडल्याचा आवाज आला, आणि लगेच पाठीमागे केबिनवर असा दणका बसला की माझ्या मानेला झटका बसला. उतरून मागं जाऊन बघतो तर घोडी पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर बसलेली, म्होरकीचा, म्हणजे तोंडाच्या पट्ट्याचा, दोर आखूड बांधलेला त्यामुळे मान वर लटकलेली, डोळे पांढरे झालेले आणि नाकातून घरघर. गाठ साधी मारलेली होती, चारशे किलोचा भार पडल्यावर ती दगडासारखी आवळली. माझी बोटं त्या गाठीत शिरेनात. आमचा मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा गडी, हौद्यात चढला, कडब्याच्या पेंढीत खोचलेला विळा काढला आणि दोर कापला, म्हणून घोडी वाचली. विळा सोबत आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

आणि त्याच वेळी गर्दीतला एक भला माणूस मदत म्हणून मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडायला धावला. त्याचा हेतू चांगलाच होता, पण फाळका उघडला असता तर घाबरलेली घोडी वाहत्या रस्त्यावर आली असती, मग घोडीचं काय झालं असतं आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय, ते विचार करून आजही माझी झोप उडते. मी ओरडलो, दोघांनी त्याला धरलं. दहा-बारा मिनिटांनी घोडी आपली आपण उभी राहिली, दोन्ही गुडघे सोललेले होते. यात्रा तिथंच सोडून परत फिरलो. पुढचे चार महिने ती गाडीचा हौदा दिसला की पाय रोवायची. रोज संध्याकाळी फळीवर गूळ ठेवून, एकेक पाऊल, असं करत तिला परत चढायला शिकवलं.

त्या कारवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे आणि पहिले दोन दिवस मी तेच केलं. पण नंतर शांत बसून विचार केला तेव्हा पटलं की चूक आमची जास्त होती. दोर आखूड, गाठ चुकीची, पत्र्यावर चिपाडाचा पातळ थर, मध्ये आडवा बांबू एकच आणि तोही बारका, आणि पुढच्या गाडीपासून आमचं अंतर जेमतेम. कार घुसणारच, आपल्या रस्त्यांवर रोज कुणी ना कुणी घुसतं. ती घुसली तरी आपला घोडा उभा राहिला पाहिजे, गाडी चालवायची ती या हिशोबाने.

मुद्दा एवढाच आहे साहेब, की घोडा उभ्याने प्रवास करतो. आपण सीटवर बसतो, पट्टा लावतो, पुढचं दिसतं म्हणून वळणाआधी अंग सावरतो. घोड्याला पुढचं काही दिसत नाही. त्याच्या अंगाचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, ब्रेक लागला की राहिलेलंही पुढं येतं, आणि ते सावरायला त्याच्याकडे हात नाहीत, फक्त मान आहे. तीच मान आपण आखूड बांधतो.

घरी आल्यावर मी ड्रायव्हर पोराला म्हणलं, तू एकदा हौद्यात उभा राहा, कशाला धरायचं नाही, गाडी मी चालवतो. आमच्या शेतातल्या कच्च्या रस्त्यावर, अगदी हळू, तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या वळणाला तो कसाबसा टिकला, दुसऱ्या वळणाला बसला, आणि बैलगाडीच्या चाकोरीतून मागचं चाक गेलं तेव्हा फाळक्यावर जाऊन आपटला. खाली उतरला आणि म्हणाला, "आण्णा, हे आधी का नाय सांगितलं?" खरं आहे, आधी कुणी सांगितलंच नव्हतं, मला पण कुणी नाही. त्या दिवसापासून त्याची गाडी चालवायची पद्धतच बदलली. वळणात ब्रेक नाही, वळणाच्या आधीच गाडी सावकाश करायची आणि मागचं चाक पूर्ण सरळ झाल्यावरच ॲक्सिलरेटर द्यायचा. गतिरोधकावर पुढचं चाक गेलं की आपण सैल सोडतो, पण घोडा मागच्या चाकावर उभा असतो, म्हणून मागचं चाक उतरेपर्यंत माणूस चालतो त्या वेगाने. घाटात ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही. आणि पुढच्या गाडीपासून अंतर मोजायला त्याने स्वतःच एक युक्ती काढलीय. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी किंवा किलोमीटरच्या दगडापाशी गेली की मनात म्हणायचं, एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल, आणि आपण त्या झाडापाशी पोचेपर्यंत सहा तरी विठ्ठल झाले पाहिजेत. ताशी ३५ च्या वेगाला सहा सेकंद म्हणजे पंचावन्न मीटरच्या वर अंतर होतं. तेवढ्या जागेत कुणीतरी घुसणारच, घुसू दे, परत मागं राहून पहिल्यापासून मोजायचं.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो, तिकडे घोड्याचा ट्रेलर वेगळा असतो आणि तो जीपसारख्या गाडीच्या मागं जोडून ओढतात. त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला मामा, इथं निघायच्या आधी गाडीभोवती पूर्ण चक्कर मारल्याशिवाय कुणी किल्ली फिरवत नाही. हूक नीट बसलाय का, खालच्या दोन्ही सेफ्टी साखळ्या एकमेकींवर फुलीसारख्या आहेत का म्हणजे हूक निसटला तरी ट्रेलरचं तोंड जमिनीत रुतणार नाही, ट्रेलर तुटून सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी बॅटरी चार्ज आहे का, ट्रेलरच्या तळाची फळी मुताने कुजलीय का, हे सगळं रोज बघायचं. ट्रेलर मागं सापासारखा वळवळायला लागला तर ब्रेक नाही मारायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून घ्यायचा, म्हणजे तो बहुतेक वेळा आपोआप सरळ होतो. आणि दोघांच्या जागेत एकच घोडा न्यायचा असेल तर त्याला ड्रायव्हरच्या बाजूला ठेवतात, कारण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. तिकडे ड्रायव्हर डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे, म्हणजे आपण एकटा घोडा हौद्यात उजव्या बाजूला बांधला पाहिजे. आम्ही आजपर्यंत डावीकडे बांधत आलो, कारण चढवताना ते सोयीचं पडतं. एवढी साधी गोष्ट सातासमुद्रापलीकडून कळावी याचं वाईट वाटलं.

आपल्याकडे तसे ट्रेलर नाहीत, पिकअप, टेम्पो किंवा ट्रक. पण काही जण जवळच्या यात्रेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घोडा घालतात आणि त्यांना मी हात जोडून सांगतो की हे करू नका. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, उताराला ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि जिवंत वजन तर एका जागी थांबत पण नाही. घोडा एका अंगाला सरकला की ट्रॉली त्या अंगाला ओढते. ऊस हलत नाही, घोडा हलतो.

कायदा नाही असं नाही. १९७८ चे प्राण्यांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम आहेत, त्यात घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे आणि ज्याने कुणी ते लिहिलं त्याला घोडा कळत होता असं वाटतं. तळाला पाय घसरू नये असं काहीतरी अंथरा, दोन जनावरांच्या मधे किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागच्या बाजूला दोन मजबूत आडवे दांडके, जनावराचं तोंड डावीकडे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या उलट बाजूला, एका गाडीत चार ते सहाच्या वर नाही, सोबत एक माणूस, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. नंतर मोटार वाहन नियमांत १२५-ई कलम आलं, ते २०१६ पासून लागू आहे, त्यात घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा आणि प्रत्येकाला कायमचा वेगळा कप्पा सांगितलाय. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरला तर साडेचार चौरस मीटर होतात, म्हणजे दोन घोडे, संपलं. यात्रेच्या वाटेवर आमचेच लोक चार-चार घोडे कोंबून नेताना दिसतात. भाडं वाटलं जातं म्हणून. पण एक पडला की त्याच्यावर दुसरा पडतो, आणि तिथं मग विळा असून उपयोग नाही.

आता त्या ताशी ३५ बद्दल. नियम बरोबर आहे, घोड्याच्या पायांसाठी तोच वेग बरोबर आहे. पण चौपदरी हायवेवर ३५ ने चालणाऱ्या गाडीच्या मागं ८० ने येणारा ट्रक असतो, आणि त्याला माहीतच नसतं की ही गाडी इतकी सावकाश का चाललीय. तो प्रेशर हॉर्न वाजवतो. पत्र्याच्या हौद्यात बंद असलेल्या घोड्याला तो हॉर्न म्हणजे काय होत असेल, त्याचे कान आपल्यापेक्षा किती तिखट असतात, याचा विचार करा. तो उसळतो, गाडी हलते, ड्रायव्हर गडबडतो. म्हणून माझी पहिली मागणी ही आहे की घोडे नेणाऱ्या प्रत्येक गाडीच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरात, रात्री चमकणाऱ्या रेडियमचा बोर्ड लावायची सक्ती करा, "गाडीत घोडा आहे, अंतर ठेवा". परिवहन खात्याला याला मोठा खर्च नाही. शाळेच्या बसला लिहितात तसंच.

रात्रीचा प्रवास तर शक्यतो नकोच. सारंगखेड्याची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे ऐन गाळप हंगामात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, डाव्या लेनमध्ये, आणि सावकाश जायचं म्हणून आपण पण त्याच डाव्या लेनमध्ये. अंधारात तो ऊस दिसतो तेव्हा फक्त जोरात ब्रेक मारणं एवढंच हातात उरतं, आणि जोरात ब्रेक आपल्याला चालत नाही. मी आता पहाटे फटफटल्यावर निघतो आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला थांबतो, एक दिवसाचे दोन दिवस होतात, होऊ देत.

मुक्कामाचं बोललो म्हणून दुसरी मागणी, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. घोड्याला दर तीन-चार तासाला थांबवून पाणी दाखवावं लागतं आणि मान खाली सोडू द्यावी लागते. मान तासन्‌तास वर बांधलेली राहिली की नाकातली, श्वासनळीतली घाण खाली निथळत नाही आणि दोन दिवसांनी ताप चढतो, छातीत कफ होतो. पाणी कमी पडलं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही त्यामुळे पोटात अडकलेलं वर यायला वाट नसते. पण थांबायचं कुठं? पेट्रोल पंपावर थांबू देत नाहीत, ढाब्यावर गाणी आणि कुत्री, रस्त्याच्या कडेला थांबणं म्हणजे मागून ठोकून घेणं. आमच्या वाटेवर कोपरगाव, येवला, मालेगाव, धुळे, दोंडाईचा, आणि मध्य प्रदेशातून बिजासन घाट उतरून येणाऱ्यांसाठी शिरपूर, या सगळ्या गावांत बाजार समितीची आवारं आहेत. भिंत आहे, गेट आहे, पाण्याची टाकी आहे, आणि माल उतरवायचे जे धक्के असतात त्यावर गाडी मागं लावली की घोडा न उडी मारता सपाट बाहेर येतो. यात्रेच्या आधीचे आणि नंतरचे आठ-आठ दिवस या आवारात घोड्यांच्या गाड्यांना थांबू द्या, एक नळ आणि एक लाईट चालू ठेवा, फी घ्या, आम्ही देऊ. पशुवैद्यकीय दवाखान्याचा एक माणूस संध्याकाळी एक चक्कर मारून गेला तर सोन्याहून पिवळं. अहिल्यानगर, नाशिक, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकारी साहेबांनी मनावर घेतलं तर एका बैठकीचं काम आहे हे.

इतर वाहनचालकांना पण चार शब्द सांगायचेत. तुम्हाला घोड्याची गाडी दिसली तर ओव्हरटेक जरूर करा, पण करून झाल्यावर आमची पूर्ण गाडी आरशात दिसेपर्यंत डावीकडे घेऊ नका. शेजारून जाताना हॉर्न नको, मोबाईल बाहेर काढून फ्लॅशने फोटो नको. पोरं हौसेनं करतात, घोडा दिसला की आनंद होतोच, मला पण होतो, पण तो आनंद गाडी थांबल्यावर घ्या, आम्ही हात लावू देऊ. आणि अपघात झालेला दिसला तर कृपा करून फाळका उघडू नका. ११२ ला फोन लावा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३, जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२. आधी मागची वाहतूक थांबवा. घोड्याच्या तोंडाकडे एकच माणूस जाऊ द्या, जो त्याच्या ओळखीचा असेल तो, बाकीच्यांनी लांब. डोळ्यावर शर्ट, टॉवेल काहीही टाकला तर घोडा बराच शांत होतो.

माझ्या घोडेवाल्या भावांना एक सांगतो, तुम्ही माझ्यापेक्षा जाणते असाल पण हे माझ्या हातून चुकलंय म्हणून सांगतो. म्होरकीचा दोर थेट लोखंडी कडीला बांधू नका. कडीत आधी सुतळीचा एक फास करा आणि दोर त्या सुतळीला, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधा. घोडा खरंच पडला तर सुतळी तुटेल, मान तुटणार नाही. दोर एवढा ठेवा की तोंड छातीच्या खाली जाईल पण पाय त्यात अडकणार नाही. पत्र्यावर आधी काथ्याची जाड चटई, त्यावर चिपाड किंवा भुसा चार बोटं. विळा किंवा चाकू केबिनमध्ये, हाताला लागेल असा, कुठं ठेवलाय ते सगळ्यांना सांगून. आणि घोड्याला गाडीत चढायचा सराव घरी महिनाभर आधीपासून द्या. यात्रेच्या दिवशी पहाटे चाबूक मारून चढवलेला घोडा अर्ध्या वाटेपर्यंत थरथरतच असतो, तो स्वतःचा तोल कसा सांभाळणार.

आषाढीला माउलींचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, गाडीत घालत नाहीत. आमच्या तालुक्यात त्यांचं रिंगण होतं तेव्हा त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं अक्षरशः लोटांगण घालतात. मी पण लावतो. सारंगखेड्याला जाणारी पण घोडीच आहेत, तोच जीव आहे.

यंदा आम्ही यात्रेच्या चार दिवस आधी निघतोय, एका गाडीत एकच घोडी, उजव्या बाजूला. पांढऱ्या रंगाचा पिकअप आहे, फाळक्यावर पिवळा बोर्ड मी स्वतः रंगवून लावलाय. मनमाडच्या रस्त्यावर सावकाश चाललेला दिसला तर हॉर्न न देता शांतपणे पुढे जा, आमचा पोरगा हात दाखवून वाट देईल.

आपला नम्र,
एक अश्वपालक
ता. माळशिरस, जि. सोलापूर